नाकचाकी सवय

लातूरच्या धावपट्टीवर आनंदराज सोनकांबळे विमान उडवायला शिकवतात. ही विमानं नाकाखाली चाक असलेली. पट्टी आखूड असली तर कसं उतरायचं, ते नीट समजावतात: वेग कमी ठेव, पट्टीच्या तोंडाशीच टेक, नाक खाली येऊ दे. पुढचा शब्द मात्र तोंडातून निघत नाही. नुसतं पायांकडे बोट दाखवतात.

"सर, ब्रेक म्हणायचंय का?" एका सकाळी त्यांच्या विद्यार्थिनीनं, साक्षीनं, विचारलं.

आनंदराजांच्या कानात रेडिओ खरखरला. सहा वर्षं तो असाच खरखरतो, हेडफोन काढून ठेवला तरी.

सहा वर्षांपूर्वी एके दिवशी त्यांचा मित्र चन्नबसप्पा निलंग्याजवळच्या छोट्या पट्टीवर फवारणीचं जुनं विमान उतरवत होता. त्याचं तिसरं चाक शेपटीखाली. असल्या विमानात हातातली सुकाणूची दांडी पोटाशी ओढून शेपूट दाबून धरायची, ब्रेक जपून लावायचा. जोरात लावला की शेपूट उचलते आणि विमान नाकावर उलटतं. विमान टेकलं, पण समोर बांध जवळ येऊ लागला. खाली उभे असलेले आनंदराज रेडिओवर ओरडले, "दाब ब्रेक! दाब!" नाकचाकी विमानं शिकवून जिभेला तीच सवय लागलेली.

"हाव," चन्नबसप्पा म्हणाला, आणि त्यानं दाबला. विमान नाकावर उलटलं, त्यात तो गेला.

चौकशीत आनंदराजांनी हे सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदा या विद्यार्थिनीला सांगितलं.

"त्यांच्या घरी ठाऊक हाय?"

"न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं देगलूरला गेले. चन्नबसप्पाच्या बायकोनं, शिल्पानं, चहा ठेवला. ऐकता ऐकता तिनं गॅस बंद केला.

"मला वाटलं, ह्यांनीच घाबरून ब्रेक दाबला. सहा वर्षं मी त्यांनाच दोष देऊन राहिले, भाऊजी."

"चुकलं माझं, वहिनी."

"तोंडी नको. लिहून द्या."

तिनं मुलीची वही पुढे केली. आनंदराजांनी दोनदा लिहिलं, एक कागद चौकशी कार्यालयासाठी. दोन्हींवर सही केली.

शिल्पा कागद घेऊन आत गेली. आत सासू होती. शिल्पा तिला एकेक ओळ कन्नडमधून सांगू लागली. आनंदराज अंगणात उभेच राहिले. कन्नड त्यांना कळत नव्हतं. मधे मधे आपलं नाव तेवढं ऐकू येत होतं.