पंपातला झेंडू

आमच्या जुन्या शिडाच्या होडीच्या तळात पाणी साचलं होतं आणि ते उपसायचा हातपंप नुसताच खरखरत होता. त्याची जाळी काढली, तर आत झेंडूचा कुजका लगदा. नारळी पौर्णिमेला धाकटा भाऊ शहरातून येतो, होडी रंगवतो, हार घालतो, फोटो काढून जातो. यंदा डेकवरचं पाणी जायची भोकंही त्याने रंगाने बुजवली. वर मलाच विचारतो, "दादा, नवरीसारखी दिसते की नाही?"

तळातलं पाणी रोज कुणीतरी काढतं म्हणून होडी तरंगते, हे हार घालणाऱ्याच्या गावीही नसतं.

जाळी धुऊन पाणी उपसलं, तारेने भोकं मोकळी केली आणि घरी आलो. अंथरुणाला खिळलेल्या आईची ओली चादर बदलली. भिंतीवर लावलेल्या होडीच्या फोटोकडे बघत ती म्हणाली, "धाकट्याने होडी किती छान ठेवलीय रे!"