एका बाजूचा सांधा

रविवारी सकाळी दहाला फोन वाजला. स्क्रीनवर मिलिंदचं नाव. दर रविवारी याच वेळी त्याचा फोन यायचा, म्हणून मी आळसावूनच "बोल रे" म्हटलं... पलीकडे वहिनी होत्या. "भावोजी, हे गेले."

परळच्या एका ऑफिसात आम्ही वीस वर्षं शेजारी बसलो. काम संगणकावर यंत्रांची सोंगं उभी करण्याचं. दाब, ताण, वीज, सगळं आकड्यांत. मिलिंद करी रोडच्या चाळीतला, वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर. तुटलेला धागा सांधायचा, हे त्याने लहानपणापासून घरात ऐकलेलं. त्यामुळे दाबाचं गणित विजेच्या गणिताला जोडण्याला आम्ही सगळे 'कपलिंग' म्हणायचो तिथे तो 'सांधा' म्हणायचा.

एकदा मी पुलाला लावायच्या सेन्सरचं मॉडेल केलं. आतल्या स्फटिकावर दाब आला की वीज तयार होते, तेवढंच मी जोडलं होतं. आलेख देखणा आला, प्रत्यक्ष चाचणीत मात्र आकडे जुळेनात. दोन दिवस मी चाचणीवाल्यांच्या नावाने बोटं मोडत होतो. शेवटी मिलिंदने खणातून स्वयंपाकघरातला गॅस लायटर काढला आणि माझ्या नाकासमोर खट्कन दाबला.

"यातही तसलाच स्फटिक. दाबलं की ठिणगी, बरोबर? पण वीजपण त्या स्फटिकाला उलटी वाकवते ना बाबा! तू एकच बाजू सांधलीस. चल, सरक."

तासाभरात मॉडेल ठीक झालं. साहेबांसमोर त्याने माझ्या चुकीचा चकार शब्द काढला नाही.

आम्ही निवृत्त झालो, माझी आई गेली, प्रभादेवीच्या घरात मी एकटा उरलो. रविवारचा तो फोन सोडला तर आठवडाभर मला 'अरे' म्हणणारं कुणी नव्हतं. तरी मी स्वतःहून त्याला एकदाही फोन लावला नाही. तो करतोच की, असं वाटायचं. आज त्याची लाज वाटते.

भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी तो लायटर माझ्या हातात ठेवला. "तुमच्याशी बोलून झालं की म्हणायचे, बघू, पुढच्या रविवारी तो करतो का..." त्या सहज बोलल्या. मी लायटर खिशात टाकला.

गेल्या रविवारी दहाला मी पहिल्यांदा त्याचा नंबर लावला. वहिनींनी उचलला. हातातला लायटर उगाच दाबला गेला. खट्.

"त्यांचा लायटर ना?" वहिनी म्हणाल्या. "हो," म्हणत मी तो पुन्हा एकदा दाबला.