हा-हा

इथे न्यूझीलंडमध्ये पापाकुऱ्याहून गाडीने थोडं पुढे गेलं की एका मोठ्या पार्कमध्ये एक जुनी हवेली आहे. दर रविवारी मी तिथे व्हॉलंटियर म्हणून लोकांना घर दाखवते. नवरा चिडवतो, की स्वतःच्या घरच्या खिडक्या पुसायला तुला वेळ नसतो आणि परक्याच्या घराचं कौतुक सांगत फिरतेस. फिरते खरी. मला ते घर मनापासून आवडतं.

ते अख्खं घर कौरी या इथल्या झाडाच्या लाकडाचं आहे. मेंढ्यांच्या लोकरीवर गब्बर झालेल्या एका इंग्रज कुटुंबाने ते बांधलं. दगडी घराची हौस होती, म्हणून लाकडालाच दगडासारखे सांधे पाडून घेतले. ही लबाडी सांगताना मला फार मजा येते. त्याआधी ही जमीन कोणत्या माओरी लोकांची होती आणि ती त्यांच्या हातून कशी गेली, हे मी सगळ्यात आधी सांगते. पुढे मालकांनी जमीन तुकड्यातुकड्याने विकली, उरलेलं कौन्सिलने घेतलं. आता तिथल्या ओक झाडांखाली लोक कुत्री फिरवतात आणि शनिवारी लग्नं लागतात.

गेल्या उन्हाळ्यात आई नागपूरहून आली. ती निवृत्त शिक्षिका. तिच्या लहानपणी गावात मालगुजाराचा मोठा वाडा होता. आमच्या लोकांनी समोरच्या रस्त्यावरून जाताना पायातलं काढून हातात घ्यायचं आणि अंगणाबाहेर थांबून हाक मारायची. आईने तो वाडा आतून कधीच पाहिला नाही. म्हणून तिने माझ्या हवेलीत पुढच्या दाराने यावं, पाहुणी म्हणून यावं, असं मला फार वाटत होतं. इतकं, की आदल्या दिवसापासून मला धड जेवण गेलं नाही. ती मात्र म्हणत होती, की मी बाहेरूनच बघेन, तू तुझं काम कर.

त्या रविवारी मी पाहुण्यांना आधी हिरवळीवर नेलं. पायऱ्यांवरून बघितलं तर गवत थेट मेंढ्यांपर्यंत पसरलेलं दिसतं, मध्ये कुंपण नाही. मग मेंढ्या घरात का शिरत नाहीत? कारण मध्ये एक खोल चर खणलेला आहे आणि त्याची घराकडची बाजू दगडाने बांधून काढली आहे. या चराला इंग्रजीत हा-हा म्हणतात.

आईला वाटलं मी हसतेय. माझी लेक तिला समजावू लागली, "नो आजी, दॅट्स इट्स नेम. हा-हा."

"हा म्हणजे कोणता?" आईने विचारलं.

पाहुण्यांसमोर मला हसू आवरेना. मी मराठीत नीट सांगितलं, तशी ती नातीचा हात धरून कडेच्या फाटकातून पलीकडे, मेंढ्यांच्या बाजूला गेली. माझं इंग्रजी बोलणं चालूच होतं, पण लक्ष तिच्याकडे होतं. ती बराच वेळ त्या भिंतीकडे बघत उभी होती. परत आली तेव्हा तिचा चेहरा शांत होता, थोडा मिस्कीलसुद्धा.

"वरून दिसत नाही," ती म्हणाली. "खालून चांगली पुरुषभर भिंत आहे. आमच्या गावातही होता हा हा. त्याला नाव नव्हतं, एवढंच."

पाहुणे ताटकळले होते. तेवढ्यात तीच पुढे झाली आणि पुढच्या दाराच्या पायऱ्या चढू लागली.

दारात आमची एक वयस्कर व्हॉलंटियर उभी होती. तिने किआ ओरा म्हणत माओरीत स्वागत केलं, आईने हात जोडले आणि सवयीने चपला काढायला वाकली. आमच्या घरात मी सगळ्यांना दारातच बूट काढायला लावते, त्यामुळे मीही "काढ" म्हणणार होते. जीभ वेळेवर आवरली.

"राहू दे आई. इथे सगळे घालूनच जातात."

तिने पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला, मग दुसरा.

त्या दिवशी मी प्रत्येक खोलीत जरा हळू आवाजात इतिहास सांगितला. मागे लाकडी जमिनीवर आईच्या चपला वाजत होत्या, त्या मला ऐकायच्या होत्या.