पलीकडच्या टेकडीवरची हाक

घरात कशाची उणीव नव्हती, तरी मला घर सोडून जावंसं वाटायचं. मालक गेल्यानंतर हे फार वाढलं. मुलं चांगली, सुना मायाळू, थोरल्या जाऊबाई तर बहिणीपेक्षा जवळच्या. त्यांना मी अक्का म्हणते. पण सकाळी डोळे उघडल्यापासून कोणी ना कोणी हाक मारतंच. देवापुढे घटकाभर बसावं तर नातू मांडीवर येतो, नाहीतर अक्का दारातून ओरडतात. मी बोलकी नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. मला वाटायचं, देव भेटायचा तर एकटेपणातच भेटेल, कारण लहानपणी तो मला तिथंच भेटला होता.

माझे वडील मेंढरं राखायचे. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. आमच्या पाली गावाच्या मागच्या डोंगरात आम्ही चारणीला जायचो. चौथी झाली तशी शाळा सुटली आणि माझ्या हातात काठी आली. दादा एका टेकडीवर, मी दुसऱ्या टेकडीवर, मधे ओढा. ऊन चढलं की मेंढरं बाभळीखाली एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहायची. मी एक गोल दगड मांडून त्याला भंडारा लावायचे आणि त्याच्याशी पोटभर बोलायचे. खाली बिंदुसरेच्या धरणाचं पाणी चमकायचं. मधूनच पलीकडून दादांची मेंढरांना घालायची हाक यायची, "हिर्रर्र होऽऽ", आणि मी तशीच हाक परत द्यायचे. तेवढाच काय तो आवाज. पुढं लग्न होऊन अंबाजोगाईकडच्या माणसांनी भरलेल्या मोठ्या खटल्यात आले आणि ती शांतता मागंच राहिली.

एकदा नातवानं मोबाइलवर हिमालयातल्या गुहेत राहणारी एक बाई दाखवली. एकटीच, समोर बर्फाचे डोंगर, चेहऱ्यावर काही मागणं नाही. तो चेहरा माझ्या मनातून गेला नाही. गावातून बद्रीनाथाला यात्रेची गाडी निघाली तेव्हा मी अक्कांबरोबर नाव दिलं. परत यायचं नाही, हे मनात पक्कं होतं. पिशवीत दादांची जुनी घोंगडी आणि भंडाऱ्याची पुडी घेतली.

गाडीत अक्कांनी घोंगडी पाहिली. "बया, ही कावून घेतलीस? बद्रीनाथाची मेंढरं राखायला ऱ्हाती का काय तिथं?" सगळी गाडी हसली. मीही हसले आणि घोंगडी पिशवीत आणखी खाली दाबली.

दर्शन छान झालं. मी देवाला म्हटलं, आता मला तुझ्याजवळच ठेव. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या यात्रेच्या गाडीचा स्वयंपाकी चुलीवर पिठलं हाटत होता, तेव्हा मी पिशवी घेऊन निघाले. अक्का चहाची वाट बघत बसल्या होत्या.

"कुठं निघालीस गं?"

"हितंच. पाय मोकळे करून येते."

"लवकर ये. तुझ्याबिगर मला चहा ग्वाड लागत न्हाई."

मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय निघाला नसता.

वर साधूंच्या गुहा आहेत असं ऐकलं होतं. पायवाट होती तोवर चालले, मग पायवाट संपली तरी चालले. धाप लागायची, बसायचे, पुन्हा उठायचे. शेवटी पुढं झुकलेल्या एका मोठ्या खडकाखाली कोरडी जागा मिळाली. घोंगडी अंथरली, एक गोल दगड मांडला, भंडारा लावला. इतकी शांतता होती की माझाच श्वास मला ऐकू येत होता. मी रडले. वाटलं, पोहोचले. पालीच्या डोंगरात बसलेली पोर मला परत मिळाली.

पण ते सुख फार वेळ टिकलं नाही. धुकं खालून वर चढत आलं, तशी बोटं बधिर झाली आणि बारीक गारा पडायला लागल्या. दगडाशी बोलायला गेले तर शब्द सुचेना. आमच्या डोंगरात मी कितीही एकटी असले तरी भ्यायले नव्हते. इथं भ्यायले. गुहेतल्या त्या बाईचा चेहरा आठवायला गेले, तर त्याच्याही आधी अक्कांचा चहाचा कप आठवला. मी घोंगडी पांघरून उठले.

वाट दिसत नव्हती. बाजूला पाणी वाहताना ऐकू आलं आणि मला धीर आला. दादांनी शिकवलं होतं, वाट चुकली तर ओढ्याच्या अंगानं उतरायचं, गाव लागतंच. आमच्याकडं ते खरं आहे, सगळे ओढे धरणाकडं जातात आणि पाण्याकाठी माणूस असतोच. मी पाणी धरून उतरत गेले. हा डोंगर वेगळा आहे, हे ध्यानातच आलं नाही. दोन्ही बाजूंचे कडे जवळ येत गेले, खालचे दगड शेवाळलेले. पाय सरकला आणि मी बसल्या बसल्या घसरत एका कपारीवर जाऊन अडकले. पुढं पाणी सरळ खाली कोसळत होतं. किती खोल ते धुक्यात दिसत नव्हतं, नुसता आवाज. घोटा मुरगळला होता. वर चढवेना, खाली रस्ता नाही.

देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण नाव आलं नाही. आली ती दादांची हाक. "हिर्रर्र होऽऽ!" किती वर्षांनी माझ्या गळ्यातून निघाली. पुन्हा दिली. पुन्हा दिली. मग रडत बसले.

आणि वरून घंटी वाजली. धुक्यातून एका एडक्याचं तोंड खाली डोकावलं. त्यामागं आणखी तोंडं. मग एक माणूस दिसला, जाड लोकरी अंगरखा, हातात काठी. कमरेला दोर गुंडाळून, बाजूच्या खडकांवरून तो उतरत आला आणि त्यानं माझं मनगट धरलं. पंजा नाही, मनगट. पंजा निसटतो म्हणून दादाही ओढा ओलांडताना मनगटच धरायचे.

"पानी के साथ नहीं उतरते, माताजी!" तो रागानं म्हणाला. "मरना है क्या?"

वर नेऊन त्यानं मला मेंढरांच्या घोळक्यात बसवलं. त्या ओल्या लोकरीचा वास आला आणि मी लहान झाले. त्यानं गूळ दिला, गरम पाणी दिलं. सांगत होता, मेंढरं पुढं निघाली होती, एकाएकी थबकली आणि या बाजूला वळली, हाकलली तरी ऐकेनात. माझी हाक त्यांना कशी कळली, मला माहीत नाही. मी ते कोणाला पटवायलाही जात नाही.

मोडक्या हिंदीत मी विचारलं, "इथं एकटं राहायला बरं वाटत असेल ना?"

तो हसला. "अकेले में किसको अच्छा लगता है? बर्फ गिरे तो नीचे जाऊँ, बच्चों के पास।" मग सहज म्हणाला, पलीकडच्या डोंगराच्या धारेवर त्याचा भाऊ असतो. दोघं दिवसभर एकमेकांना हाक घालतात. मेंढरांसाठी नव्हे. दुसरा आहे ना, एवढं कळावं म्हणून.

माझ्या हातातला गूळ तसाच राहिला. इतकी वर्षं मी समजत होते की दादा मेंढरांना हाक घालायचे. पण मेंढरं तर सावलीत उभी असायची, हलतसुद्धा नसायची. ती हाक माझ्यासाठी होती. ज्या एकटेपणासाठी मी घर सोडून निघाले होते, त्यात मी कधी एकटी नव्हतेच.

त्यानं मला पाठुंगळीला घेऊन पायवाटेपर्यंत आणलं. खालून आवाज येत होता, घसा बसलेला. "आगं येऽऽ! कुठं गेलतीस गंऽऽ!" अक्का डोक्यावर पदर नाही, पायात चप्पल एकच, अशा चढत येत होत्या. पोटातून कळवळून मी "ओऽऽ" दिली. जवळ येऊन त्यांनी आधी माझ्या पाठीत धपाटा घातला, मग गळ्यात पडून रडल्या. "घोंगडी बघितली तवाच मला कळलं हुतं," म्हणाल्या. "पर म्हनलं, तू माझ्याकडं बघूनच थांबशील."

वळून पाहिलं तर तो माणूस धुक्यात निघून गेला होता. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. घोंगडी त्याच्याकडंच राहिली, आणि बरं झालं.

आता मी देवाकडं काही मागत नाही. तो जिथं ठेवील तिथं राहायचं. दुपारी घरची माणसं पांगली की थोडी बसते, भंडारा लावते, दादांची आठवण काढते. आजही तशीच बसून हे लिहिते आहे. अंगणातून अक्का हाका मारतायत, चहा निवतोय म्हणून. ओ दिली आहे. उठते.