नारूच्या गोष्टीतलं राहिलेलं वर्ष

माझ्या पंच्याहत्तरीच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांनी नारूची गोष्ट सांगितली. ती येणार हे मला ठाऊकच होतं, कारण त्यांना ती मीच दिलेली. सांगलीच्या कॉलेजात नव्या वर्गावर पहिल्या दिवशी मी ती सांगत असे. पुढे रेडिओवर, शिक्षकांच्या शिबिरांत आणि वर्तमानपत्रातल्या माझ्या सदरातही सांगितली. माण तालुक्यातलं एक गाव, पायऱ्यांची विहीर, काचेच्या बरणीतलं पाणी आणि एका संध्याकाळी शहाणं झालेलं गाव. या गोष्टीला टाळ्या हमखास मिळत. त्या दिवशीही मिळाल्या. मी गळ्यात हार घेऊन खाली बघत बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला.

आता गौरव अंकासाठी मुलं मागे लागली आहेत, ‘सर, पर्यावरणाकडून तुम्ही शिकवण्याकडे कसे वळलात ते लिहा.’ लिहितो. पण मग ती गोष्ट पूर्ण लिहायला हवी.

मी वाईचा. घाटाच्या दगडांवरचं शेवाळ खरवडून ते शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं वेड मला लहानपणीच लागलं. पुण्यात एम.एस्सी. केलं ते गोड्या पाण्यातल्या बारीक जीवांवर. आज त्याला पर्यावरणशास्त्र म्हणतात आणि माझ्या नावामागे तसं लावतातही. तेव्हा तो शब्द आमच्याकडे कुणाच्या तोंडी नव्हता. ‘मुलगा काय करतो?’ असं कुणी विचारलं की वडील म्हणत, ‘पाण्यातले किडे बघतो,’ आणि विषय बदलत.

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता तेव्हा साताऱ्यात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. एसटीच्या टपावर बाटल्यांची पेटी चढवायची, गावोगावच्या विहिरींचं पाणी भरून आणायचं, तपासायचं आणि अहवाल पाठवायचा. पुष्कळ अहवालांवर ‘पिण्यास अयोग्य’ एवढंच लिहिलेलं असे. पाटणकडच्या एका गावात पुन्हा गेलो तर तिथला सरपंच म्हणाला, ‘‘सायेब, तुमचा कागद आला. अयोग्य म्हंजी वंगाळ ना? त्ये आमाला बी म्हाईत हाय. मग काय प्यायाचं, त्ये कुटं लिवलंय?’’ प्रयोगशाळेतल्या साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, ‘‘आपलं काम तपासायचं. सांगायचं काम दुसऱ्या खात्याचं.’’ पण सांगताना मला तर कुणीच दिसत नव्हतं. तिथून माझ्या डोक्यात बसलं की आपणच सांगायचं. हे एवढं खरं आहे, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात म्हसवडच्या पलीकडच्या एका गावी गेलो. त्या गावात नारू फार. आजच्या मुलांनी नारू बघितलेला नाही, म्हणून सांगतो. पायाला फोड येतो, तो फुटतो आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा जंत डोकावतो. ओढला तर तुटतो आणि पाय सडतो. म्हणून लोक त्याचं टोक काडीला गुंडाळत आणि रोज काडीला हलकासा पीळ देत तो बाहेर काढत. तोवर आग आग होत असते. त्या आगीवर एकच सोपा उतारा, पाय गार पाण्यात बुडवायचा. आणि पाय पाण्यात गेला की जंत आपली पिल्लं त्या पाण्यात सोडतो.

सकाळी विहिरीवर बाटल्या भरत होतो. शेवटच्या पायरीवर एक तरणी बाई बसली होती. घोट्यावर फडकं, फडक्यात काडी बांधलेली आणि पाय पाण्यात. शेजारी भरलेली घागर.

‘‘पाव्हणं, येवढ्याशा बाटलीत पाणी न्हेऊन कुणाची तहान भागायची?’’ ती म्हणाली.

‘‘तपासायला नेतोय.’’

‘‘तपासा की. दुखणं माज्या पायाला आन् डाक्टर हिरीला!’’ ती स्वतःच हसली. मग म्हणाली, ‘‘पाण्यात ठेवला की जरा जीवात जीव येतो बगा.’’

तेव्हाच तिला सांगायला हवं होतं. पाय बाहेर घ्या ताई, बादलीत पाणी घ्या आणि घरी पाय बुडवा. एवढंच. मी सांगितलं नाही. पुस्तकातलं चित्र जसंच्या तसं समोर बसलं होतं आणि मला त्याचाच आनंद झाला होता. संध्याकाळी शाळेच्या पटांगणात गावाला चार शब्द सांगायचे, हे मी मुख्याध्यापकांशी आधीच ठरवलं होतं. तिला बघितल्यावर मला भाषण सापडलं.

गाव जमलं. विहिरीचं पाणी काचेच्या बरणीत घेऊन मी ती मावळत्या उन्हासमोर धरली आणि भिंग लोकांच्या हातात फिरवलं. रव्याच्या कणाएवढे जीव त्यात उड्या मारत होते. पुढच्या रांगेत गळ्यात तुळशीची माळ घातलेले एक आजोबा होते. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, तसा मागून एक जण ओरडला, ‘‘तात्या, माळ काढून ठेवा आता! रोज सकाळी येवढी जनावरं गिळतासा आन् आमच्या मटणाला नाक मुरडतासा व्हय?’’ सगळं पटांगण हसलं. तात्या म्हणाले, ‘‘आरं गप, मी डोळं मिटून पेतो.’’ आणखी हशा.

पण हसून झाल्यावर लोक एकमेकांशी बोलू लागले. बायका उठायच्या बेतात आल्या. सभा हातातून निसटताना मला दिसत होती. मी आवाज चढवला आणि म्हणालो, ‘‘आज सकाळीच मी तुमच्या विहिरीवर काय बघितलं, सांगू?’’ आणि सांगितलं. शेवटची पायरी, घोट्यावरचं फडकं, पाण्यातला पाय, शेजारची घागर. बरणीतले हे जीव त्या पायातून सुटलेली पिल्लं खातात, हे जीव तुम्ही पिता आणि तुमच्या पायाला नारू येतो, असं ओळीनं सांगत गेलो.

इतकी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. माझ्या बोलण्यानं दोनशे माणसं श्वास धरून बसतात, हे मला त्या क्षणी कळलं आणि ते मला फार आवडलं.

पायाला फडकं बांधलेला एक शेतकरी उठला. ‘‘म्हंजी सायेब, ह्या साली वस्तीवर इतक्या जणांस्नी नारू आला, त्यो तुमी सकाळी बगितलेल्या त्या पायामुळं?’’

या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं होतं. नारू पोटात गेल्यापासून पायातून बाहेर यायला वर्ष लागतं. त्या उन्हाळ्यात ज्यांना नारू आला होता, त्यांनी तो आदल्या उन्हाळ्यात पाण्यातून प्यायला होता. तेव्हा त्या बाईचा पाय धड होता. तीही आदल्या वर्षीचं तेच पाणी प्यायली होती, विचारणाऱ्या शेतकऱ्यासारखीच. हे सगळं मला पाठ होतं. पण वर्षाचा हिशेब सांगायला लागलो असतो तर गोष्ट सैल पडली असती. दोष कुणाचा, हे धूसर झालं असतं. लोक पुन्हा कुजबुजायला लागले असते.

मी म्हणालो, ‘‘असाच पाय आणि असंच पाणी. त्यातूनच होतं हे.’’

नाव घेतलं नाही, असं मी पुढे कैक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण त्या सकाळी विहिरीवर कोण बसलं होतं, हे त्या गावात सांगावं लागत नव्हतं. मागच्या बायकांमध्ये डोकी वळली. मी ती वळताना बघितली आणि पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या, एवढं सांगून भाषण संपवलं. मुख्याध्यापकांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. ‘‘बाटल्या भरण्यात कशाला आयुष्य घालवता? तुम्ही शिकवायला हवं,’’ म्हणाले. सांगलीच्या एका कॉलेजात त्यांचे व्याही पदाधिकारी होते. ‘‘त्यांच्या कानावर घालतो,’’ म्हणाले.

काही आठवड्यांनी साताऱ्याच्या प्रयोगशाळेत एक फौजी आला. केस बारीक कापलेले, उभा राहिला तोही ताठ. म्हणाला, ‘‘तुमी नारूवर बोललासा त्या गावचा मी. पायरीवर बसल्याली ती आमची मंडळी.’’

मी खुर्ची दिली. तो बसला नाही.

‘‘तिला हिरीवर येऊ देत न्हाईत. कुणी घागर भरून बी देत न्हाई. वढ्यात झिरा उकरून पाणी आनती, त्यो पाय घिऊन. ज्याच्या ज्याच्या पायाला नारू हाय, त्यो दारात येऊन शिव्या घालतो. म्हाताऱ्या बायका म्हनत्यात, हिनंच गाव नासवलं. मी सुट्टीवर आलो तवा कळलं.’’ मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, ‘‘सायेब, खरं काय हाय? तिच्यामुळं झालं का?’’

मी त्याला खरं ते सांगितलं. वर्षाचा हिशेब सांगितला. तो लक्ष देऊन ऐकत होता. एकदा सांगताच त्याला कळलं, एकही शंका विचारली नाही.

‘‘मग ह्ये त्या दिशी का न्हाई बोललासा?’’

‘‘वेळ संपत आला होता.’’

‘‘मग आता काढा येळ. मी तितं बोललो तर बायकोची बाजू घेतो म्हनत्यात. तुमी बोललासा तर ऐकतील. तुमचं ऐकूनच तर झालंय समदं.’’

येत्या बाजाराच्या दिवशी येतो, असा मी त्याला शब्द दिला. त्यानंतर चारच दिवसांनी त्याची सुट्टी संपणार होती.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीत माझी मुलाखत ठरली. ‘एसटीचा मेळ बसला नाही’ असं मी नंतर सांगत असे. मेळ बसला असता. खरी गोष्ट अशी की मुख्याध्यापकांनी व्याह्यांकडे माझी शिफारस केली होती ती त्या भाषणाच्या जोरावर. आदल्या दिवशी त्यांच्याच पटांगणात उभं राहून ‘मी तुम्हाला चुकीचं सांगितलं’ असं म्हणायची माझी तयारी नव्हती. मी गेलो नाही. फौजी दिवसभर स्टँडवर थांबला होता, हे मला पुढे मुख्याध्यापकांकडूनच कळलं. ते त्यांनी हसत सांगितलं.

मुलाखतीत मला वर्ग घ्यायला लावला. मी नारूची गोष्ट सांगितली आणि नोकरी मिळाली.

दिवाळीच्या सुट्टीत त्या गावी गेलो. पायऱ्या दगडांनी बंद केल्या होत्या, वर रहाट बसवला होता. आता कुणाचाच पाय पाण्याला लागणार नव्हता. गावानं हे स्वतःहून केलं होतं, माझ्या भाषणानंतर. मुख्याध्यापक अभिमानानं दाखवत होते. मी त्यांना म्हणालो, ‘‘लोकांना पुन्हा एकदा जमवा. त्या बाईबद्दल सांगायचंय.’’

ते थबकले. ‘‘सर, आता बसलेली घडी मोडू नका. त्या दिवशीचं एक खोटं निघालं तर बाकीचंही खोटं म्हणतील. उद्या हे दगड काढून पुन्हा खाली उतरतील. एका बाईसाठी गावाला नारू परत आणणार का?’’

ते अगदीच चुकीचं बोलत होते असं नाही. म्हणूनच मला त्यांचं म्हणणं सोयीचं वाटलं. खरं सांगून पायऱ्याही बंद ठेवता आल्या असत्या. त्यासाठी चार वेळा यावं लागलं असतं, शंका ऐकाव्या लागल्या असत्या, थोडं हसं करून घ्यावं लागलं असतं. शिकवणं म्हणजे तेच, हे मला पुढे कळलं.

परत निघताना विहिरीवरून आलो. रहाटाशी बायकांची गर्दी होती. ती जरा लांब, रिकामी घागर घेऊन गर्दी सरायची वाट बघत उभी होती. पाय बरा झाला होता. तिनं मला ओळखलं. रागावली नाही, रडली नाही. रहाटाकडे हात करून म्हणाली, ‘‘आवं सर, आमच्या ह्यांनी सांगितलंय मला समदं, वरसाचं. त्या बगा, समद्या तितंच हायेत. दोन शब्द बोला. सभा कशाला पायजे?’’

बायका आमच्याकडे बघत होत्या. दहा पावलं जायचं होतं. मी म्हणालो, ‘‘मुख्याध्यापकांशी बोललोय मी. ते सांगतील.’’

‘‘त्ये न्हाई सांगत,’’ ती म्हणाली आणि तोंड फिरवून पुन्हा वाट बघत उभी राहिली. मी एसटी गाठली.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गावात पुन्हा काही जणांना नारू आला. येणारच होता. पायऱ्या बंद व्हायच्या आधी प्यायलेल्या पाण्यातला नारू त्या उन्हाळ्यात बाहेर पडायचा होता, आणि सांगलीत बसून मला ते माहीत होतं. गावाला माहीत नव्हतं. गाव म्हणालं, ही बाई दगड सरकवून चोरून खाली उतरते. मग फौजीनं येऊन तिला नेलं. कुठे नेलं, ते मुख्याध्यापकांना ठाऊक नव्हतं. मीही पुढे चौकशी केली नाही. त्यानंतर त्या गावात नारू दिसला नाही आणि माझी गोष्ट शेवटासकट पुरी झाली. तीच मी आयुष्यभर सांगितली. तिच्यावर माझं घर उभं राहिलं, नाव झालं. ज्या मुलांनी माझा वर्ग ऐकून विज्ञान शिकवायचं ठरवलं, ती आज मला हार घालतात.

तेव्हा माझ्या वाटचालीबद्दल अंकात काहीही छापा, पण हे वगळू नका. त्या गावातल्या कुणालाही त्या बाईमुळे त्या वर्षी नारू झाला नाही. होणं शक्यच नव्हतं. ज्यांना झाला ते सगळे आदल्या वर्षीचं पाणी प्यायले होते, तीही प्यायली होती. हे मला त्या संध्याकाळी माहीत होतं, विचारलं गेलं होतं, आणि मी सांगितलं नाही. ते गाव अजून तिथेच आहे. त्या वेळची लहान पोरं आता म्हातारी झाली असतील आणि त्यांच्या आठवणीत ती बाई अजून विहीर नासवणारीच असेल. त्यांच्यापैकी कुणाच्या हाती हा अंक गेला तर त्यांनी हा परिच्छेद मोठ्यानं वाचावा. प्रकृती साथ देते आहे तोवर मीही जाणार आहे. या वेळी बरणी नेणार नाही.