अल्लाबक्षचाचाचे एकवीस दिवस

“एकवीस दिवस झाडाचे,” अल्लाबक्षचाचा नेहमी म्हणायचा. मोसंबीचा डोळा, म्हणजे फुटव्याची कळी, खुंटाच्या सालीत भरून, वर केळीच्या वाळल्या सोपटाची पट्टी बांधून झाली, की तो बागवाल्याचा हात धरून रोपाला लावायचा आणि वदवून घ्यायचा, “एकवीस दिवस ह्या पट्टीला शिवनार न्हाई.” मगच हात धुवायचा. बागवाला केवढाही मोठा असो, त्याने हे बोलल्याशिवाय चाचा त्याच्या घरच्या चहाला शिवत नसे.

आमच्या कोपरगावच्या कालव्याकाठी त्याच्या हातच्या बागा कितीतरी होत्या. जंबेरी लिंबाच्या खुंटाची साल तो इतकी अलगद उकलायचा, की झाडाला कळलंसुद्धा नसेल असं बघणाऱ्याला वाटावं. शंभर डोळे भरले तर पंचाण्णव फुटायचे.

सन एकाहत्तरच्या हिवाळ्यात शेतकी खात्याने ठरवलं, की सरकारी मदतीवर बाग लावणाऱ्याने यादीतल्या जाणकाराकडूनच कलमं करून घ्यावीत आणि सल्लाही त्याचाच घ्यावा. यादीत नाव यायचं तर सरकारी रोपवाटिकेत साहेबासमोर दहा डोळे भरायचे, आणि एकविसाव्या दिवशी त्यातले नऊ जिवंत निघायला हवेत. ज्याचं नाव यादीत नाही, त्याला पुढे कोणी बांधावर उभं करणार नव्हतं.

“चाचा, तुमची कसली परीक्षा?” छगन बागवाला म्हणाला. “तुमीच साहेबाला पास करून या!”

चाचा हसला नाही. आदल्या वर्षापासून त्याचा उजवा हात मधूनच थरथरायचा. हे फक्त गौहरचाचीला, त्याच्या बायकोला, ठाऊक होतं. चारचौघांत ती त्याला कपबशी देतच नसे. पेला द्यायची, तोही अर्धा.

परीक्षेच्या दिवशी सहा डोळे झरझर भरून झाले. सातव्याला हात हलला. चाकूचं टोक सालीखालच्या लाकडात रुतलं की नुसतं टेकलं, हे त्यालाच कळलं नाही. त्याने पट्टी आवळली. साहेब वहीत काही लिहीत होता, माळी गोरक्षनाथ वाफ्याला पाणी देत होता. कोणी पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून चाचाचं जेवण तुटलं.

“अवो, नऊच लागत्यात ना?” गौहरचाची म्हणाली. “एक गेला तर जाऊ द्या की.”

“सातव्यालाच हलला, हे कशावरनं? पुढच्या तीन डोळ्यांना हलला आन् मला कळलंच नसंल तर?”

तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तिच्या हातांतही तो हलतच होता.

अकराव्या दिवशी, बाजारला जातो असं सांगून चाचा चार कोस चालत रोपवाटिकेत गेला. गोरक्षनाथ विहिरीवर भाकरी खात बसला होता. चाचा सातव्या रोपापाशी टेकला. पट्टीवर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. आणि जन्मात जे कुणाला करू दिलं नव्हतं, ते केलं. पट्टी सोडली.

आत डोळा हिरवागार होता. ओला, जिवंत. त्याचा जीव भांड्यात पडला, पण घडीभरच. मग आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं. सांध्याला वारं लागलं होतं. हात आता इतका कापत होता, की पट्टी दोनदा गळून पडली. तिसऱ्यांदा कशीबशी गाठ बसली.

एकविसाव्या दिवशी साहेबाने एकेक पट्टी सोडली. नऊ हिरवे. सातवा काळा.

“नऊ झाले,” साहेब म्हणाला. त्याने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, आणि पुन्हा सातव्या रोपाकडे वाकला. “बाकीच्या गाठी सावलीच्या अंगाला होत्या. हिचीच उन्हाकडे कशी?” तो माळ्याकडे वळला. “गोरक्षनाथ, तू उघडलीस?”

“आईशप्पत न्हाई, साहेब!”

“मग वाऱ्याने सुटली का? रोजावरून काढून टाकीन तुला.”

चाचाने उघड्या वहीकडे पाहिलं. नाव लिहायचंच काय ते राहिलं होतं.

“मी उघडली,” तो म्हणाला.

“तुम्ही? का?”

“भ्या वाटलं.”

“कसलं भय? नऊ तर जगलेत.”

चाचाने उजवा हात उपरण्याखाली घेतला.

साहेबाने पेनाला टोपण लावलं. माणूस वाईट नव्हता तो. “रोपाला मधे हात लागला की परीक्षा रद्द, असा नियम आहे, चाचा. पुढच्या हिवाळ्यात या. पुन्हा दहा भरा.”

“पुढच्या हिवाळ्यात,” चाचा म्हणाला. उपरण्याखाली काहीतरी हललं. त्याने डाव्या हाताने ते दाबून धरलं, सलाम न करताच वळला आणि कालव्याच्या भरावाने निघाला.

गोरक्षनाथ पाण्याची झारी हातात धरून बघत राहिला. चार कोसांची वाट, पण चाचाने एकदाही उजवा हात बाहेर काढला नाही, निदान दिसत होता तोवर तरी, असं त्यानेच मला पुढे सांगितलं. त्या वेळी झारीतलं पाणी गोरक्षनाथच्या पायांवर सांडत होतं.