अबू हायलचं समुद्रस्नान

माझा मेहुणा मखलद याच्याइतका रिकामा आणि तरीही कामात बुडालेला माणूस आमच्या सबंध करक गावात सापडायचा नाही. शाळेत कारकून होता. घंटा, हजेरीपट आणि खडूच्या पेट्या सांभाळण्यात त्याने तीस वर्षं काढली, आणि निवृत्त झाल्यावर ती सगळी हुकमत घरी घेऊन आला. मुलाचं नाव हायल, म्हणून लोक त्याला अबू हायल, म्हणजे हायलचा बाप, म्हणतात. मीही तोंडावर तेच म्हणते, आणि तो मला उम्म तरकी, म्हणजे तरकीची आई.

वरचा मजला त्याचा, खालच्या दोन खोल्या माझ्या. रस्मिया माझी धाकटी बहीण, त्याची बायको. माझा नवरा गेला तेव्हा तिनेच मला इथे आणलं, म्हणून बारा वर्षं मी या माणसाचा आवाज छतातून ऐकते आहे.

त्याच्या गच्चीवरून समुद्र दिसतो. खाली, उघड्याबोडक्या डोंगरांच्या पायथ्याशी, ज्यात मासा जगत नाही आणि माणूस बुडत नाही तो आमचा खारट समुद्र. गाडीने पाऊण तास. कातडीच्या दुखण्यासाठी लोक जर्मनीतून विमानाने येतात आणि तीन-तीन आठवडे त्या पाण्यात पडून राहतात. आणि रस्मियाच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, तळहातांवर वीस वर्षं लाल चट्टे, त्यावर पांढरे पापुद्रे. थंडीत पीठ मळताना भेगा फुटून रक्त येतं. डॉक्टर तिला म्हणाले होते, "बाई, औषध तुमच्या खिडकीखाली आहे, माझ्याकडे कशाला आलात?" रस्मियाने घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं, आणि नवऱ्याने बेत आखायला घेतला. त्याला चौदा वर्षं झाली.

अबू हायलचा बेत म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. जुन्या हजेरीपटांच्या पाठीवर तो यादी करायचा. कोण कुठे बसणार, चटई कोण धरणार, टरबूज कोण कापणार. आमच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यातून एकदाच येतं, बुधवारी. समुद्रातून बाहेर आलं की अंगावरचं मीठ गोड्या पाण्याने धुवावंच लागतं, नाहीतर कातडी जळते. म्हणून बुधवारी सहा मोठे कॅन भरून ठेवायचे असा त्याचा हुकूम. भरायचे कोणी? रस्मियाने. जिना चढवायचे कोणी? रस्मियाने. तेच भेगा पडलेले हात. मग त्या पाण्याला कोणी हात लावायचा नाही, कपडे साचू देत, अंघोळ राहू दे. आणि गुरुवारी संध्याकाळी हा गच्चीवर जाऊन, बोट ओलं करून वारा बघायचा आणि जाहीर करायचा, "उद्या नाही जमत. धूळ आहे."

कधी धूळ, कधी त्याचा गुडघा, कधी कुळात कोणी वारलं म्हणून चाळीस दिवसांचा दुखवटा. एकदा तर टरबूज चांगलं मिळालं नाही म्हणून.

आणि एवढं सगळं करून वर फुशारकी! कुळाच्या बैठकीत बसला की याची एकच गोष्ट. तरुणपणी सैन्यात असताना तो म्हणे त्या समुद्रावर पाठ टेकून पडला, हातात चहाचा पेला, आणि पूर्ण पेला संपवला, थेंब सांडला नाही. "पाणी आपल्याला ओळखतं," असं म्हणायचा. म्हातारे माना डोलवायचे. रस्मियासुद्धा. तिला वाटायचं, समुद्र इतका ठाऊक असलेला माणूस नाही म्हणतो तर काही कारण असेल. मला वाटायचं, गाढवाला गाढव म्हणायला एवढा वेळ कशाला लागावा?

या वर्षी मात्र हायलचं लग्न ठरलं, ऑगस्टमधलं. आमच्याकडे मेंदीच्या दिवशी सासू सगळ्या बायकांसमोर सुनेचा हात हातात घेते आणि तळहातावर पहिली मेंदी तीच लावते. रस्मिया गेली कित्येक वर्षं लग्नकार्यात हातमोजे घालून बसते. जूनमध्ये एका संध्याकाळी ती खाली माझ्याकडे आली, पापुद्रे निघालेले हात मांडीवर ठेवून बसली आणि म्हणाली, "ताई, मला त्या पोरीचा हात हातमोज्यात धरायचा नाही. दहा शुक्रवार आहेत. डॉक्टर म्हणाले, रोज जमत नसेल तर निदान दर शुक्रवारी जा."

"मग जा ना. हायल नेईल."

"त्यांना विचारल्याशिवाय कशी जाऊ?"

विचारलं. आणि अबू हायलने सभा बोलावली. पाहुण्यांच्या खोलीत आम्ही तिघं समोर, तो उशीला टेकून, मांडीवर हजेरीपट.

"शुक्रवारी सकाळी सात वाजता प्रस्थान," तो म्हणाला. "जेवायला मन्सफ."

मन्सफ म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या रश्शातलं मटण आणि वर परातभर भात. लग्नातलं जेवण. ते हा जूनच्या उन्हात, समुद्राच्या काठावर खाणार होता.

"अबू हायल," मी म्हणाले, "ब्रेड, टोमॅटो आणि चहा न्यावा. आपण अंघोळीला चाललोय, तहाची बोलणी करायला नाही."

"उम्म तरकी, तू गप्प बस. काठावर ओळखीची चार माणसं भेटतील. त्यांच्यासमोर मी टोमॅटो खाऊ?"

हायल तिशीचा आहे, गॅरेजात काम करतो, बापापुढे सहसा बोलत नाही. या वेळी बोलला. "बाबा, या वेळी धूळ असो, वादळ असो, मी आईला घेऊन जाणार. तुम्हाला यायचं तर या."

अबू हायलने हजेरीपटावर काहीतरी खोडलं, परत लिहिलं आणि म्हणाला, "अर्थात जाणार. मीच तर बेत आखतोय."

बुधवारी रस्मियाने सहा कॅन भरले. गुरुवारी तो गच्चीवर गेला, बोट ओलं केलं, बराच वेळ उभा राहिला आणि न बोलता खाली आला. मला गंमत वाटली. घोडं कुठे अडतं ते बघायला मी टपूनच बसले होते.

शुक्रवारी सकाळी तो जिना उतरून आला तेव्हा मला ते दिसलं. पांढराशुभ्र सदरा, डोक्याला लाल रुमाल आणि गुळगुळीत दाढी. नुकतीच केलेली, हनुवटीखाली कापल्याची लाल रेघ, अत्तराचा भपकारा. ओळखीची चार माणसं भेटणार होती ना.

माझा नवरा खाली मिठाच्या कामावर अठरा वर्षं होता. त्या पाण्याजवळ जायचं असेल तर तो दोन दिवस आधीपासून वस्तरा हातात धरायचा नाही. खाली काम करणारा, खाली अंघोळ केलेला कुठलाही पुरुष धरत नाही. एकदा दाढी करून त्या पाण्यात उतरलेला माणूस ती आग जन्मभर विसरत नाही. मी त्याच्या त्या तुकतुकीत गालाकडे बघितलं आणि मला सगळं कळलं. चहा नाही, पेला नाही, सैन्यातला समुद्र नाही. या माणसाने त्या पाण्यात कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

मी एक शब्द बोलायला हवा होता. बोलले नाही. खरं सांगते, मनात उकळ्या फुटत होत्या. बारा वर्षं छतातून ऐकलेल्या त्या आवाजाचं काय होतंय ते मला बघायचं होतं.

पिकअपमध्ये पुढे बापलेक, मागे आम्ही दोघी, सहा कॅन आणि मन्सफचं पातेलं. उतरताना वळणावळणाला रस्सा रस्मियाच्या झग्यावर सांडत होता. ती सारखी समुद्राकडे बघत होती.

काठावर ओळखीचं कोणीच नव्हतं. तरी अबू हायलने उभं राहून सूचना दिल्या. "आधी मी उतरतो. बघा आणि शिका." हातात पेला घेतला, मला चहा ओतायला लावला, सदरा काढला आणि पाण्यात गेला. गुडघ्यापर्यंत ऐटीत. कमरेपर्यंत जरा हळू. मग एकदम पाठ टेकली.

त्या पाण्यात पाठ टेकायची तर सावकाश टेकावी लागते, नाहीतर पाय वर उसळतात. त्याचे उसळले. पेला गेला, अबू हायल उलटा झाला, तोंड पाण्यात, आणि मग जो आवाज आला तसा शाळेच्या घंटेनेही कधी केला नसेल. "आंधळा झालो! जळलो! पाणी! पाणी आणा!"

हायलने त्याला खेचून बाहेर काढलं. पहिला कॅन तोंडावर. दुसरा डोळ्यांवर. तो कॅन सोडायलाच तयार नाही, मुलाच्या हातातून हिसकावून गालावर, मानेवर ओततोय आणि ओरडतोय. तिसरा, चौथा. नाचता नाचता त्याचा पाय लागला आणि उरलेले दोन आडवे झाले. झाकणं आधीच उघडून ठेवलेली, बेतातच तसं लिहिलं होतं. वाळूने पाणी पिऊन टाकलं. मी बाजूला उभी राहून हसत होते. पोट दुखेपर्यंत हसले.

मग माझं लक्ष समुद्राकडे गेलं. हा गोंधळ चालू असताना रस्मिया झग्यासकट पाण्यात उतरली होती. गळ्यापर्यंत. दोन्ही हात पाण्याखाली. तिच्या तळहातावर त्या दिवशी सात-आठ उघड्या भेगा होत्या, आदल्या दिवशी मीच मलम लावलं होतं. एका कापल्या रेघेपायी हा एवढा बोंबलला, आणि तिच्या तोंडातून आवाज नाही. डोळे मिटून, ओठ दाबून ती तशीच राहिली, वीस मिनिटं तरी.

बाहेर आली तेव्हा तिने फक्त विचारलं, "पाणी?"

हायलने रिकामे कॅन दाखवले. प्यायच्या बाटलीत अर्धं पाणी होतं, ते मी तिच्या हातांवर ओतलं. तेवढ्याने काय होणार? घरी पोचेपर्यंत उन्हात तिच्या अंगावर मीठ वाळलं, झगा कडक झाला, भेगा ताणल्या आणि बोटांच्या मधून रक्त यायला लागलं. पुढे अबू हायल डोळ्यांवर ओला रुमाल धरून कण्हत होता आणि वाऱ्याची दिशा ऐन वेळी बदलली असं मुलाला समजावत होता.

अर्ध्या चढावर रस्मिया हळूच म्हणाली, "ताई, त्यांनी दाढी केलेली तू सकाळीच बघितलीस ना?"

"बघितली."

"तुला माहीत होतं, काय होतं ते. भावजी कधी करायचे नाहीत."

"होतं माहीत."

तिने हात मांडीवर उताणे ठेवले आणि बाहेर बघत राहिली. मला शरम वाटली. त्याआधी कधी वाटली होती ते आठवत नाही, पण त्या चढावर वाटली. त्याने तिचं पाणी सांडलं होतं हे खरं, आणि मी ते सांडू दिलं होतं हेही खरं.

पुढच्या बुधवारी तिने दोनच कॅन भरले. मी मदतीला गेले तर म्हणाली, "नको, हायल उचलेल." गुरुवारी मी वर गेले तेव्हा भिंतीवर खिळ्याला एक कागद टोचलेला होता, तिच्या अक्षरात: दोन कॅन, टॉवेल, ब्रेड, टोमॅटो, हायल, मी.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू राहा, ताई. अबू हायलना सोबत हवी." ती रागाने बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवारी सात वाजता पिकअप गेली. मी आणि माझा मेहुणा गच्चीवर बसलो. त्याच्या गालाची कातडी अजून निघत होती, दाढीचे खुंट वाढले होते. मी मरमियाची वासाची पानं घालून चहा केला. त्याने पेला हातात धरला आणि प्यायला नाही.

"उम्म तरकी," तो म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझी फजिती बघायची होती."

तो पेला तोंडासमोर धरून म्हणाला, "मला पाण्याची भीती वाटते. लहानपणापासून. पण गोष्ट सांगून बसलो होतो."

मला त्याची कीव आली असं लिहायला बरं वाटलं असतं. आली नाही. चौदा वर्षं स्वतःची लाज झाकायला त्याने माझ्या बहिणीच्या हातून पाणी भरवून घेतलं होतं, आणि आता ते असं चहाच्या पेल्यामागून सांगत होता, जणू मी त्याला शाबासकी देणार होते. पण त्याला बोल लावायला तोंड उघडलं तर माझ्याच तोंडाची चव कडू व्हायला लागली.

खाली समुद्र चकाकत होता. माणसं काही इतक्या लांबून दिसत नाहीत. तरी आम्ही दोघं बघत बसलो. थोड्या वेळाने अबू हायलने खिशातून हजेरीपटाचा कागद काढला आणि गुडघ्यावर सरळ केला.

"पुढच्या शुक्रवारी आपण चौघंही जाऊ," तो म्हणाला. "मी काठावरच बसेन. यादी करतो."

"यादी झालीय तिची," मी म्हणाले. "आपली नावं नाहीत त्यात."